दोन जाहीरनाम्यांमधली माणसं

१८७९ च्या मे महिन्यात मुंबई सरकारच्या हाती एक विलक्षण पत्र पडले. लिहिणारा काही महिन्यांपूर्वीपर्यंत पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होता. दुष्काळाने पिचलेल्या रयतेला काम द्या, कराचे ओझे उतरवा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कमी करा, नाही तर सत्तावन सालासारखे दुसरे बंड उठेल, असे त्याने सरकारला बजावले होते. त्याला पकडून देणाऱ्यासाठी सरकारने हजारो रुपयांचे इनाम लावले. उलट त्याने थेट गव्हर्नरच्या शिरावर इनाम लावले. त्या माणसाचे नाव वासुदेव बळवंत फडके आणि गव्हर्नर होते सर रिचर्ड टेम्पल.

फडक्यांचे चरित्र मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. शिरढोणचा जन्म, आई आजारी असताना नाकारलेली रजा, दत्तभक्ती, तालीम, रामोश्यांची फौज, एडनचा तुरुंग. पण या दोन इनामांच्या मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांतली लाखो माणसे उभी होती. फेब्रुवारी ते जुलै या पाच महिन्यांत त्यांनी काय केले, कोण बोलले, कोण गप्प राहिले, कोणी दार उघडले आणि कोणी लावून घेतले, ही गोष्ट चरित्राच्या कडेला पडून राहते. मला ती महत्त्वाची वाटते. फरारी माणसाचे आयुष्य शेवटी त्याच्या बंदुकीपेक्षा या लोकांच्या हातात असते.

आधी टेम्पल यांच्याबद्दल, कारण फडक्यांनी इनाम लावायला हाच माणूस का निवडला ते त्यावरून कळते. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला, तेव्हा हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून टेम्पल दौऱ्यावर निघाले होते. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोजचा शिधा एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतका खाली आणला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला अर्धा किलोदेखील धान्य नाही. मुंबई इलाख्यातली कामे सोडून मजूर हजारोंनी निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज केले, गावोगावची हकिगत गोळा करून सरकारपुढे ठेवली. आणि त्याच १८७७ साली टेम्पल मुंबईचे गव्हर्नर झाले. फडके त्या काळात दुष्काळी मुलखात फिरत होते आणि त्या फिरण्यात पाहिलेल्या हालांनीच त्यांना शस्त्र उचलायला लावले, असे त्यांच्या आत्मकथनावरून दिसते.

लोकांच्या मनात आणखी एक आठवण ताजी होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा झाली आणि दंगा झालेल्या गावांवर ज्यादा पोलीस बसवून त्यांचा खर्च गावाकडूनच वसूल केला गेला. शिक्षा तुरुंगात गेलेल्यांपुरती राहिली नव्हती. चावडीवर बसवलेल्या शिपायांचा पगार ज्याने रोख्याला हात लावला नाही त्याच्याही घरातून गेला होता. चार वर्षांनी पुन्हा बंडाची हाक आली, तेव्हा या भागातला कुणबी हा हिशेब विसरलेला नव्हता.

त्यात १८७८ चे दोन कायदे आले. लॉर्ड लिटनच्या सरकारने एका कायद्याने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लावले आणि दुसऱ्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवला. म्हणजे फडक्यांचे बंड उभे राहिले तेव्हा गावाजवळ हत्यार नव्हते आणि शहराजवळ मोकळी जीभ नव्हती. त्या काळच्या लोकांनी काय केले हे जोखताना या दोन गोष्टी सतत डोळ्यांपुढे ठेवल्या पाहिजेत.

फडक्यांनी पैशासाठी आधी सुखवस्तू लोकांचे उंबरे झिजवले होते. बंडाला मदत करायला त्यांच्यातला कोणी पुढे आला नाही. सुशिक्षितांवरही त्यांनी आशा ठेवली होती, तीही फळली नाही. मग ते रामोश्यांकडे वळले. रामोशी हे पिढीजात गावराखणदार. इंग्रजी पोलीस आल्यावर त्यांचे हक्क आणि वतने आटत गेली होती. त्यांच्यातल्याच उमाजी नाइकांना बंडाबद्दल फाशी दिल्याला तेव्हा अर्धे शतकही उलटले नव्हते. २३ फेब्रुवारी १८७९ च्या रात्री शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला छापा पडला. हाती लागली ती शे-चारशेची रक्कम. पुढच्या आठवड्यांत वाल्हे, दावडी, मंगदरी अशी एकेक गावे त्या यादीत आली.

या छाप्यांनी गावात काय झाले असेल, याची कल्पना त्या काळच्या गावाची रचना पाहिली म्हणजे येते. सावकार आणि दुकानदार हादरले. ज्यांना जमले त्यांनी रोकड आणि दागिने शहरात हलवले. पोलीस पाटील तर दोन्ही बाजूंनी चेपला गेला. १८६७ च्या गावपोलीस कायद्याने गावात आलेल्या प्रत्येक संशयित माणसाची वर्दी देणे त्याच्यावर बंधनकारक होते. वर्दी दिली तर रात्री टोळी दारात, नाही दिली तर सकाळी फौजदार दारात. ज्याच्या घरात मोडके तलवारीचे पातेही ठेवायला परवाना लागत होता, त्याने कोणत्या बळावर पुढे यायचे? आणि ज्याच्या डोक्यावर सावकाराचे रोखे होते, त्या शेतकऱ्याला त्या सावकाराच्या घरावरचा छापा ही स्वतःवरची आपत्ती वाटण्याचे काही कारण नव्हते. तो आनंदाने नाचला नाही. वर्दी द्यायलाही धावला नाही.

फडके मात्र आतून खचत होते. लूट हाती आली की रामोशी आपापला वाटा घेऊन घरी जायचे. कपडे, भांडी, जे दिसेल ते उचलायचे. राज्य उलथण्याची गोष्ट त्यांच्यापुढे ठेवली तर ती त्यांना लांबची वाटे. एप्रिलमध्ये फडके श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले, देह ठेवायच्या विचाराने. तिथेच त्यांनी आपली हकिगत लिहायला घेतली. मग परत फिरले, रोहिले आणि अरब यांची भाडोत्री फौज उभी करायचा नवा बेत घेऊन.

मे महिन्यात बंड घाट उतरून कोकणात आले. फडक्यांचे रामोशी साथीदार दौलतराव नाइक यांच्या टोळीने पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखली या गावांवर छापे घातले. गणपतीला गावी येणाऱ्या आमच्याकडच्या प्रत्येक चाकरमान्याला पळस्पे फाटा ठाऊक आहे. मुंबई मागे टाकून गोव्याकडचा रस्ता धरायचा तो तिथे. तिथून पुढे थोड्याच अंतरावर शिरढोण लागते, फडक्यांचे जन्मगाव. १८७९ च्या मे महिन्यात या टप्प्यावर हजारोंचा ऐवज लुटला गेला. टोळी घाटमाथ्याकडे परतत असताना बंडाच्या पाठलागावर असलेल्या मेजर डॅनियलच्या तुकडीने तिला गाठले. चकमकीत दौलतराव पडले आणि फडक्यांचा उजवा हात गेला.

डॅनियल या कामात मुरलेले होते. मावळातला होन्या कोळी सावकारांना जेरीला आणत होता, त्याला १८७६ साली त्यांनीच पकडले होते. बातमी फोडायची कशी, दुखावलेला साथीदार कोण, तहानलेला माणूस कुठल्या पाण्यावर येतो, हे त्यांना माहीत होते.

इथे क्षणभर आमच्या तळकोकणाकडे वळायला हवे, कारण फरारी बंडखोर आणि लोक यांचे नाते दुसऱ्या तऱ्हेचे कसे असू शकते याचा दाखला इथेच आहे, आणि तोही फडक्यांच्या आधी पस्तीस वर्षांचा.

१८३८ साली सावंतवाडी संस्थानाचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. १८४४ मध्ये कोल्हापूरकडे सामानगड आणि भुदरगडचे गडकरी उठले. त्यांच्या पिढीजात जमिनींना आणि हक्कांना नव्या कारभाराने हात घातला होता. ठिणगी सह्याद्री ओलांडून खाली आली. वाडीच्या सरदारांपैकी फोंड सावंत तांबुळकर आपल्या आठ मुलांसह बंडात उतरले. संस्थानचे वारस अण्णासाहेब हेही त्यांना मिळाले. आज कुडाळ तालुक्यातल्या शिवापूरच्या डोक्यावर उभे असलेले मनोहर आणि मनसंतोष हे दोन गड बंडाचे ठाणे झाले. कर्नल औट्रम फौज घेऊन आले आणि १८४५ च्या जानेवारीत गड पडले. पण माणसे हाती लागली नाहीत. ती रानातून उतरून गोव्याच्या हद्दीत गेली. पोर्तुगीज सरकारने त्यांना इंग्रजांच्या हवाली करायला नकार दिला.

सावंतवाडीचा तो मुलूख ज्यांनी पायी पाहिला आहे त्यांना कळेल की हे कसे घडू शकले. आंबोलीपासून दोडामार्गापर्यंत दाट रान, खाली उतरणाऱ्या शेकडो पायवाटा आणि पलीकडे पेडणे, डिचोली, सत्तरी. यांतला बराच मुलूख पोर्तुगीजांकडे जाण्यापूर्वी सावंतांचाच होता. हद्द कागदावर होती, पण सोयरिकी, देवस्थाने आणि बाजार हद्दीच्या दोन्ही अंगांना पसरलेले होते. बंडखोर हे गावाला परके नव्हते. ते गावाचे मानकरी होते, पालखीला खांदा देणारे होते. अशा माणसाला लपवणे हा त्या गावाच्या लेखी गुन्हा नव्हताच.

पण हद्दीचा आसरा हाही राजकारणावर अवलंबून असतो. १८५८ मध्ये, उत्तर हिंदुस्थानात बंडाची धग असताना, फोंड सावंतांची मुले कारवारच्या रानात पुन्हा उठली. या वेळी गोव्यातले पोर्तुगीज इंग्रजांना दुखवायला तयार नव्हते. मुले शरण आल्यावर त्यांची रवानगी तिमोर बेटावर झाली. अण्णासाहेबांचे मात्र वारसपण त्यांना पुढे परत मिळाले आणि १८६७ साली ते गादीवर बसले. बंडात दोघेही एकाच वाटेने गेले होते. एकाला गादी मिळाली, दुसऱ्याला समुद्रापलीकडचे बेट. तांबुळकरांच्या वाट्याला आलेला हा न्याय मला आजही सलतो.

फडक्यांना असा मुलूख नव्हता. ते कोकणस्थ ब्राह्मण, त्यांची माणसे रामोशी, लढण्याची जागा देशावरची उघडी माळराने. ज्या गावात ते रात्री शिरत, त्या गावाशी त्यांची सोयरीक नव्हती, देवळातला मान नव्हता. गावाने त्यांच्याकडे पाहायचे ते त्यांच्या शब्दांवर विश्वास ठेवून किंवा न ठेवून. असा विश्वास काही आठवड्यांत तयार होत नाही. हे लक्षात घेतले म्हणजे लोकांनी जे थोडेफार दिले त्याची किंमत वाढते.

आता पुणे. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवार वाडा पेटला. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या या वाड्यात सरकारी कचेऱ्या, शाळा आणि पुस्तकांचा डेपो होता. विश्रामबाग वाड्यालाही आग लागली. घाटाखाली छापे पडून दोन-तीन दिवसच झालेले, सरकारला धमकीचे पत्र गेलेले, आणि शहराच्या मध्यभागी पेशव्यांचे दोन वाडे जळताना लोक पाहत होते. हे फडक्यांचेच काम, अशी सगळ्यांची खात्री झाली. छावणीतल्या गोऱ्या वस्तीत भीती पसरली, पहारे वाढले, पुण्यातल्या ब्राह्मणांनी कट केला आहे असे इंग्रजी पत्रे उघड लिहू लागली. लंडनच्या टाइम्सपर्यंत दख्खनच्या असंतोषाची चर्चा गेली. पुढे चौकशीत निघाले ते वेगळेच. पुस्तकांच्या डेपोतल्या एका नोकराने अफरातफर लपवण्यासाठी आग लावल्याचे कोर्टात ठरले. तोवर अफवेने आपले काम पुरे केले होते.

त्या संशयाची सगळ्यात बोलकी हकिगत रमाबाई रानडे यांच्या आठवणींत आहे. त्यांचे पती महादेव गोविंद रानडे तेव्हा नाशिकला न्यायखात्यात होते. मे महिन्यात त्यांची एकाएकी धुळ्याला बदली झाली. धुळ्यात त्यांचे टपाल फोडले जाऊ लागले. वासुदेव बळवंतांच्या नावाने लिहिलेली बनावट पत्रे त्यांना येऊ लागली. ते कुठे अडकतात का, हे पाहण्याचा तो डाव होता. रानड्यांनी ती पत्रे जशीच्या तशी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली. सरकारी नोकरीतला, कायद्याच्या चौकटीबाहेर पाऊल न टाकणारा, अर्जविनंत्यांच्या मार्गावर निष्ठा असणारा हा माणूस. त्यालासुद्धा एका फरारी बंडखोराच्या नावाने पारखले जात होते. मग सदाशिव-नारायण पेठांतल्या साध्या कारकुनाने, शिक्षकाने, वकिलाने घराची कडी आतून लावून घेतली तर त्यात नवल नाही. फडके त्यांच्यातच वावरले होते. पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी उभी केली होती. ओळख सांगायला शेकडो लोक होते. त्या उन्हाळ्यात ओळख सांगणे म्हणजे पोलिसांना घरी बोलावणे होते.

टेम्पल यांनी जुलैमध्ये व्हाइसरॉय लिटन यांना लिहिलेल्या पत्रात सगळा दोष पश्चिम हिंदुस्थानातल्या ब्राह्मणांच्या, विशेषतः चित्पावनांच्या, माथी टाकला. इतकी खोल आणि चिवट राजकीय महत्त्वाकांक्षा आपण हिंदुस्थानात दुसरीकडे पाहिली नाही, अशा अर्थाचे ते लिखाण आहे. रोगाचे निदान जातीत शोधले की दुष्काळाच्या शिध्याचा हिशेब द्यावा लागत नाही. टेम्पल यांच्या त्या पत्राबद्दल मला याहून सौम्य बोलता येणार नाही.

देशी वृत्तपत्रांनी मात्र, गळ्याभोवती नवा कायदा असताना, जमेल तितके खरे सांगितले. केसरी अजून निघायचा होता, तो आला १८८१ मध्ये. ज्ञानप्रकाश, इंदुप्रकाश, नेटिव्ह ओपिनियन ही तेव्हाची प्रमुख पत्रे. सरकार त्यांतल्या मजकुराची भाषांतरे दर आठवड्याला करून घेत होते. संपादकांना याची जाणीव होती. दरोड्यांचा निषेध करायचा, राजनिष्ठा सांगायची आणि मग हळूच विचारायचे, की ही माणसे रानात का गेली? दुष्काळ, सारा, मिठावरचा कर, नवा लायसन्स कर, बुडालेले धंदे. निषेधाच्या चार ओळींत गुंडाळून गाऱ्हाणे मांडण्याची ही रीत त्या काळच्या मराठी पत्रकारितेने आत्मसात केली होती. तिच्याकडे भित्रेपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल.

जूनमध्ये पाऊस लागला. आमच्या किनाऱ्यावर तोवर होड्या वर ओढलेल्या असतात, बंदरे नारळी पौर्णिमेपर्यंत बंद. मालवण आणि वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि मुंबईकडची बातमी पावसाळ्यात घाटवाटांच्या टपालानेच यायची. पावसाळी गप्पांत, आमच्याकडच्या गजालींत, कोणीतरी म्हाताऱ्याने तिमोरला नेलेल्या सावंतांची गोष्ट काढली असेल, असे मला वाटते. वीस वर्षांपूर्वीचीच तर ती होती.

फडके त्या वेळी निजामाच्या मुलखात होते. गाणगापूर हे दत्ताचे स्थान, यात्रेकरूंची वर्दळ, त्यात एक जण सहज मिसळून जातो. तिथे त्यांनी इस्माइल खान नावाच्या रोहिल्याशी पाचशे माणसांचा करार केला. अंगात ताप, जवळ पैसा थोडा. वरवर पाहता त्यांनाही सावंतांसारखी हद्द सापडली होती, परक्या राज्याची. पण हैदराबाद म्हणजे गोवा नव्हे. निजामाचे पोलीस अधिकारी सय्यद अब्दुल हक स्वतः डॅनियलबरोबर घोड्यावर बसून माग काढत होते. फडके गाणगापुराहून निघाले. २० जुलै १८७९ ची रात्र उलटत असताना कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावडगी या गावी, थकून एका देवळात झोपले असताना, ते पकडले गेले. शेवटच्या त्या टप्प्यात त्यांच्याभोवती त्यांची भाषा बोलणारे, त्यांच्यासाठी एक रात्र खोटे बोलणारे कोणी राहिले नव्हते.

फडक्यांना पुण्यात आणले आणि शहर बदलले. अडीच महिने ज्याचे नाव घ्यायला लोक कचरत होते, त्याला पाहायला रस्त्यावर गर्दी झाली. कोर्ट भरले की आवारात माणूस मावेना. आता त्याला पाहणे हा गुन्हा नव्हता, जवळ गेले म्हणून घरझडती होणार नव्हती. या गर्दीवर टीका करणे सोपे आहे. पण याच मुलखातल्या गावांनी सुप्यानंतरचा ज्यादा पोलिसांचा खर्च भरला होता आणि रानड्यांसारख्या माणसाचेही टपाल फोडले जात होते, हे विसरून ती टीका करता येणार नाही. पाठलाग चालू असताना ज्या भावनेला बाहेर पडायला वाट नव्हती, तिला पहिल्यांदा वाट मिळाली.

एका माणसाने मात्र गर्दीत उभे राहण्यापेक्षा अधिक केले. आरोपीचे वकीलपत्र घ्यायला कोणी धजत नव्हते, तेव्हा गणेश वासुदेव जोशी उभे राहिले. सार्वजनिक सभेचे काका. दिल्ली दरबारात १८७७ साली स्वतः कातलेल्या सुताची खादी घालून जाणारे. सभेवर आधीच सरकारचा डोळा होता, सभेचे एक आधारस्तंभ रानडे धुळ्यात पाळतीखाली होते, आणि सभेच्या या चालकाने राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप असलेल्या माणसाच्या बाजूने कोर्टात पाय ठेवला. सेशन्समध्ये महादेव चिमणाजी आपटे यांनी काम चालवले. सशस्त्र बंडाचा मार्ग या दोघांना मान्य होता असे मुळीच नाही. मार्ग चुकला म्हणून माणूस एकटा पडू द्यायचा नसतो, इतके त्यांना कळत होते. काका जुलै १८८० मध्ये वारले. त्यांच्या स्वदेशीबद्दल खूप लिहिले जाते. मला ते कोर्टातल्या त्या सकाळसाठी अधिक मोठे वाटतात.

७ नोव्हेंबरला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दूर कलकत्त्यात अमृत बझार पत्रिकेने फडक्यांच्या अंगचे गुण वर्णन करताना वॉशिंग्टन आणि गॅरिबाल्डी यांची नावे घेतली. पुण्यात कोणाही मराठी संपादकाला त्या महिन्यात हे छापता आले नसते. हायकोर्टात अपील फेटाळले गेले. फडक्यांना ठाण्याच्या तुरुंगात हलवले आणि जानेवारी १८८० मध्ये एडनला रवाना केले. ऑक्टोबरमध्ये कोठडीचा दरवाजा बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले, काही कोस गेले आणि काही तासांत धरले गेले. क्षयाने १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला.

श्रीशैलला लिहायला घेतलेली हकिगत पोलिसांच्या हाती पडली होती आणि खटल्यात त्यांच्याविरुद्धच वापरली गेली. मुंबई सरकारने १९५७ मध्ये स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात तिचे इंग्रजी भाषांतर आले. ती वाचताना घशाशी येते. लोक उठले नाहीत, पैसेवाल्यांनी दिले नाही, रामोश्यांना लुटीपलीकडे काही दिसले नाही, असे ते लिहितात आणि शेवटी आपल्या हातून काही झाले नाही म्हणून देशबांधवांची क्षमा मागतात.

फडक्यांनी लोकांच्या गप्प राहण्याचा लावलेला हा अर्थ मला पुरता पटत नाही. डोक्यावर हजारोंचे इनाम असलेला माणूस दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलखात पाच महिने हिंडला. ज्या घरांत वर्षभराच्या धान्याची भ्रांत होती, त्यांच्या दारावरून हे इनाम रोज जात होते. पुणे आणि सातारा जिल्ह्यांत ते उचलायला गावे धावली नाहीत. बंडात उतरणे त्यांना शक्य नव्हते. विकणे शक्य होते, आणि ते त्यांनी केले नाही. फडके स्वतः घाईत होते, खचलेले होते, त्यांना फौज हवी होती. त्यांना हे दिसले नसेल.

सरकारला ते दिसले होते. सुप्याच्या दंग्यानंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल काही वर्षे रेंगाळत पडला होता. फडके पकडले गेले त्याच जुलै महिन्यात त्यावर आधारलेले विधेयक कायदेमंडळापुढे आले. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यावर बंधन, रोख्याच्या पाठीमागचा खरा व्यवहार तपासण्याचा न्यायाधीशाला अधिकार, अशी त्यातली कलमे. दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या नावाने तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला, १ नोव्हेंबर १८७९ रोजी. फडक्यांचा खटला त्या दिवशी पुण्याच्या सेशन्स कोर्टात चालू होता. निकालाला अजून सहा दिवस होते.